आधी आंबट, मग गोड, शेवटी तेल

फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत देश सोडून लंडनला आलेला दाल्बिन्याक नावाचा एक उमराव नुसतं सॅलड कालवून श्रीमंत झाला. ब्रिया-साव्हारँ या फ्रेंच न्यायाधीशाने खाण्यापिण्यावर एक ग्रंथ लिहिला, तो १८२५ साली प्रसिद्ध झाला, त्यात ही हकिगत आहे. लंडनमधल्या एका नावाजलेल्या खानावळीत हा गृहस्थ जेवत बसला होता. शेजारच्या टेबलावरच्या तरुणांनी त्याला विचारलं, सॅलडात तुम्हा फ्रेंचांचा हात कोणी धरू शकत नाही म्हणतात, आमचंही कालवून द्याल का? त्याने दिलं, आणि त्याच्या हाती पाच पौंडांची नोट आली. मग बड्या घरांतून बोलावणी येऊ लागली. पुढे तर तो स्वतःच्या बग्गीतून हिंडे आणि नोकराच्या हातात महोगनीची पेटी असे. पेटीत नाना वासांची व्हिनेगरं, तेलं, सोया, अँकोव्ही मासे, अंड्यांचे बलक असा सगळा सरंजाम. मायदेशी परतला तेव्हा त्याच्या गाठीला ८०,००० फ्रँकांहून अधिक रक्कम होती.

पेटीतला बराचसा माल लंडनच्या बाजारात पैसे टाकून कोणालाही मिळाला असता. लोक पैसे मोजत होते ते प्रमाणाला आणि क्रमाला. सॅलडचं ड्रेसिंग बिघडतं ते या दोनच ठिकाणी, आणि जमतं तेही इथेच. म्हणून आंबट-गोड ड्रेसिंगची कृती सांगताना जिन्नसांच्या यादीपेक्षा, कशानंतर काय आणि का, यावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

फ्रेंच पद्धतीच्या साध्या ड्रेसिंगचं जुनं प्रमाण तीनास एक असं आहे. तीन भाग तेल, एक भाग व्हिनेगर. इतकं तेल कशासाठी? व्हिनेगरमध्ये साधारण ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल असतं आणि ते नुसतं जिभेवर ठेवलं तर चरचरतं. तेल त्याची धार बोथट करतं. हेच काम साखरही करते, पण वेगळ्या रीतीने. लिंबाच्या रसात साखर घातल्याने त्यातलं आम्ल कमी होत नाही. सामू मोजला तर जवळपास तोच निघतो. फरक पडतो तो चवीच्या जाणिवेत. गोड आणि आंबट एकत्र आले की दोन्ही एकमेकांना दाबतात आणि दोघांच्या मधली एक गोलसर चव लागते. मीठ त्यात आणखी भर घालतं. चिमूटभर मिठाने गोडी उठते आणि पानांचा कडवटपणा मागे सरतो. लिंबाच्या सरबतात मीठ का घालायचं, याचं उत्तर हेच आहे.

याचा व्यावहारिक अर्थ फार उपयोगाचा आहे. आम्लाची धार गोडाने बोथट केली, की त्या कामासाठी तेलाची गरज उरत नाही. म्हणजे आंबट-गोड ड्रेसिंगमध्ये तीनास एकच्या ऐवजी दोनास एक प्रमाण सहज चालतं. १५ मिलीच्या एका मोठ्या चमच्याभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात, त्यामुळे एक भाग तेल कमी होणं ही लहान गोष्ट नाही. अर्थात साखर घातली म्हणून तेल वाचलं असं म्हणून साखरेचा हात सैल सोडायचा नाही. विकतच्या बाटल्यांचं चुकतं ते बहुधा इथेच. त्या इतक्या गोड असतात की गाजर, कोबी, काकडी, सगळ्यांची एकच चव लागते.

चार-पाच जणांच्या सॅलडला पुरेल असं प्रमाण सांगतो. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिली. मध एक मोठा चमचा, किंवा तेवढीच साखर. मीठ अर्धा छोटा चमचा. मोहरीची पूड अर्धा छोटा चमचा. ताजी मिरपूड. तेल चार मोठे चमचे, म्हणजे ६० मिली. काचेचं किंवा स्टीलचं भांडं घ्यावं. कल्हई नसलेल्या पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये आंबट कालवू नये.

आता क्रम. आधी आंबट भांड्यात घ्यायचं, त्यात मीठ आणि साखर घालून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं. मीठ आणि साखर पाण्यात विरघळतात, तेलात नाही. तेल आधी पडलं तर साखरेच्या कणांभोवती तेलाचं आवरण बसतं, ते कण तळाशी तसेच राहतात आणि खाताना दाताखाली येतात. मग पहिला घास अगोड आणि शेवटचा घास गोडमिट्ट. आंबटात सगळं विरघळलं की मोहरी घालायची आणि तेल अगदी शेवटी, बारीक धारेने, एका हाताने फेटत फेटत. घट्ट झाकणाची बरणी असेल तर सगळं तिच्यात घालून अर्धा मिनिट जोरात हलवलं तरी चालतं, पण साखर विरघळून झालेली हवी.

फेटताना नेमकं काय होतं? तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. फेटण्याच्या जोराने तेलाचे बारीक बारीक थेंब होतात आणि ते आंबट पाण्यात तरंगत राहतात. थेंब जितके बारीक तितकं मिश्रण दाट आणि दुधट दिसतं. पण हे थेंब एकमेकांना भेटले की पुन्हा एक होतात, मोठे होतात, वर येतात आणि बघता बघता तेलाचा थर वेगळा होतो. त्यांना एकमेकांपासून दूर ठेवायला मध्ये कोणीतरी लागतं. अंड्याच्या बलकात ते काम लेसिथिन करतं, दह्यात दुधातली प्रथिनं करतात. मोहरीच्या दाण्याच्या टरफलात एक बुळबुळीत द्रव्य असतं. पाणी लागलं की ते फुगतं, पाणी दाट करतं आणि थेंबांना सहजी एकत्र येऊ देत नाही. मधाच्या दाटपणाचीही थोडी मदत होते. म्हणून ड्रेसिंगमधली मोहरी केवळ तिखटपणासाठी नाही. तिची चव लागणार नाही इतकी कमी घातली, तरी ती आपलं काम करते.

मोहरीचा तिखटपणा मात्र समजून घेण्यासारखा आहे, कारण आपल्या स्वयंपाकघरात तो दोन अगदी उलट रीतींनी हाताळला जातो. अख्खी मोहरी तोंडात टाकली तर लगेच झोंबत नाही. तिच्यात झोंबणारं द्रव्य तयार स्वरूपात नसतंच. ते ज्यापासून होतं तो पदार्थ आणि तो घडवून आणणारं विकर, दोन्ही दाण्यात वेगवेगळी साठवलेली असतात. दाणा फुटून पाणी लागलं की दोघांची गाठ पडते आणि काही मिनिटांत नाकात चढणारा तिखटपणा तयार होतो. मोहरी पाणी घालून फेसतात ती यासाठीच. फोडणीत याच्या बरोबर उलट होतं. तापलेल्या तेलात विकर निकामी होतं, म्हणून तडतडलेली मोहरी खमंग लागते पण नाकात जात नाही. आम्लही या विकराला अडवतं. तेव्हा ड्रेसिंगला खरा झणका हवा असेल, तर मोहरीची पूड आधी चमचाभर साध्या पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवावी आणि मग लिंबू घालावं. सौम्य हवी असेल तर पूड थेट लिंबात टाकावी. एकच मोहरी, फक्त क्रम बदलला.

हीच मोहरी अमेरिकेतल्या एका गाजलेल्या आंबट-गोड ड्रेसिंगच्या मुळाशी आहे. हेलन कॉर्बिट या पाककलानिपुण बाई टेक्सासमधल्या डॅलस शहरात नीमन मार्कस या बड्या दुकानाचं भोजनगृह सांभाळत. त्यांचं पाकपुस्तक १९५७ साली आलं आणि त्यातलं खसखशीचं ड्रेसिंग घरोघरी पोचलं. साखर, मोहरीची पूड, मीठ, व्हिनेगर, कांद्याचा रस, तेल आणि खसखस, इतकेच जिन्नस. ते त्या ग्रेपफ्रूटवर घालत. ही यादी वाचताना मराठी माणसाला काही अनोळखी वाटणार नाही, मात्र साखरेचं प्रमाण वाटेल: दोन कप तेलाला दीड कप साखर! आपल्या जेवणासाठी मी ती निम्म्याहूनही कमी करीन. पण कांद्याचा रस ही बाईंची युक्ती जरूर घ्यावी. किसलेला कांदा फडक्यातून पिळून दोन छोटे चमचे रस घातला, तर कांद्याचा स्वाद सगळीकडे सारखा पसरतो आणि कच्चा तुकडा दाताखाली येत नाही. खसखस कोरडी, मंद आचेवर किंचित भाजून घालावी. पपई, संत्रं, मोसंबी, अननस अशा फळांच्या सॅलडवर हे ड्रेसिंग फार छान लागतं.

मोहरी आणि फळं यांची जोडी आपल्याकडेही आहे. गोव्यातलं आंब्याचं सासव आठवा. रायवळ आंबे, ओलं खोबरं, त्यात वाटलेली मोहरी आणि गूळ. आंबट, गोड आणि नाकात चढणारं तिखट, तिन्ही एकाच वाटीत. खोबऱ्याचं दूध म्हणजे तरी काय, पाण्यात तरंगणारे तेलाचे थेंबच. कॉर्बिटबाईंचं ड्रेसिंग आणि सासव यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोन्ही ठिकाणी स्वयंपाक करणाऱ्याने एकच पेच सोडवला आहे.

आणि मग खमंग काकडी. आंबट-गोड सॅलडचा इतका नेटका नमुना मला दुसरा माहीत नाही. चोचवलेली काकडी, दाण्याचं कूट, लिंबू, साखर, मीठ, ओलं खोबरं, वरून तुपाची किंवा तेलाची जिरे-मिरचीची फोडणी. बाटलीतल्या ड्रेसिंगमधलं सगळं इथे आहे: आंबट, गोड, खारट, स्निग्ध. पण तेल तर चमचाभरच, ते कसं पुरतं? कारण स्निग्धांश कुटातून येतो. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग तेलच असतं. कूट म्हणजे कोरड्या रूपातलं तेल, आणि शिवाय ते पाणीही शोषून घेतं. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. मीठ लागलं की पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि पातळ झालेलं ड्रेसिंग ताटलीत वाहायला लागतं. कूट ते पाणी आपल्यात धरतं, आणि त्यात साखर-लिंबू-मीठ विरघळलेलं असल्याने चव काकडीच्या कणाकणाला चिकटून राहते. म्हणूनच मीठ पानं वाढायच्या वेळी घालायचं, आधी नाही. घरातल्या मोठ्या बायका हे सांगतात, तेव्हा त्यामागे हे सगळं असतं.

फोडणीचंही असंच. जिऱ्याचा, हिंगाचा, मिरचीचा वास ज्या द्रव्यांतून येतो ती पाण्यापेक्षा तेलातुपात चांगली उतरतात. पाश्चात्त्य ड्रेसिंगमध्ये तेल कच्चं असतं आणि त्याचा स्वतःचा वास महत्त्वाचा. आपल्याकडे तेल हा वासाचा वाहक. कुठलं चांगलं हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. लेट्यूससारख्या कोवळ्या पानांवर फोडणी जड होते, आणि कोबी-गाजरावर कच्चं ऑलिव्ह तेल फिकं पडतं.

कुटाचा हा गुण वापरून एक ओतण्याजोगं ड्रेसिंग करता येतं, आणि ते मी कोणालाही आग्रहाने सांगेन. तीन मोठे चमचे बारीक कूट, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, एक मोठा चमचा किसलेला गूळ, मीठ, अर्धी हिरवी मिरची आणि चार मोठे चमचे पाणी मिक्सरमध्ये फिरवायचं. दाण्यातली प्रथिनं दाण्यातल्याच तेलाचे थेंब धरून ठेवतात, त्यामुळे वेगळं तेल न घालता पांढरट, साईसारखं दाट मिश्रण मिळतं. वरून चमचाभर तेलाची जिरे-हिंगाची फोडणी. मोड आलेल्या मुगांवर, बारीक चिरलेल्या कोबीवर, उकडलेल्या बिटावर हे उत्तम. ज्यांना शेंगदाणा सोसत नाही त्यांनी भाजलेले तीळ घ्यावेत.

आंबटाची निवड हा या सगळ्यातला सर्वांत मजेचा भाग, आणि इथे आपल्याकडे पर्याय अमाप. लिंबात सायट्रिक आम्ल असतं. ते चटकन जाणवतं आणि चटकन ओसरतं. चिंचेत टार्टारिक आम्ल. तिचा आंबटपणा गडद, जिभेवर रेंगाळणारा, आणि तिच्या कोळात पेक्टिन असल्याने ड्रेसिंगला आपोआप दाटपणा येतो. चिंचेला साखर शोभत नाही, गूळच हवा. दोन चमचे दाट कोळ, दोन चमचे गूळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, किंचित लाल तिखट, मीठ आणि दोन चमचे शेंगदाण्याचं तेल, एवढ्यात काम होतं. दह्यातलं लॅक्टिक आम्ल सगळ्यांत सौम्य. त्याला साखर अगदी चिमूटभर पुरते. कोकमाचं आगळ वापरायचं तर लक्षात ठेवावं की त्यात आधीच मीठ असतं, वेगळं घालू नये. त्याचा रंग कांद्यावर आणि पांढऱ्या मुळ्यावर सुरेख चढतो. कैरीचा कीस हा तर आंबट जिन्नस आणि भाजी दोन्ही. चैत्रात लिंबाला सुट्टी द्यावी.

गोडाच्या बाबतीत एक बारकावा. थंड पदार्थात गोडी कमी जाणवते. त्यामुळे खोलीच्या तापमानाला बरोबर लागलेलं ड्रेसिंग फ्रिजमधून काढल्यावर जास्त आंबट वाटतं. मधात फ्रुक्टोज भरपूर, आणि फ्रुक्टोजची गोडी थंडाव्यात टिकून राहते, म्हणून गारेगार सॅलडला मध बरा. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध कोणत्याच रूपात द्यायचा नसतो, हे घरात तान्हं मूल असेल तर ध्यानात असावं.

चव कशी बघायची? चमच्याने नुसतं ड्रेसिंग चाखून निर्णय घेऊ नये. नुसतं चाखताना ते जरा तीव्रच लागायला हवं, कारण ते पुढे पाणीदार, बेचव पानांवर पसरणार आहे. काकडीची एक चकती किंवा कोबीचं पान त्यात बुडवून खावं. आंबट वाटलं तर लगेच साखरेकडे धावू नये. आधी दोन कण मीठ घालून पाहावं, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

पानांवर घालण्याआधी पानं कोरडी हवीत. धुतलेल्या पानांवर पाणी राहिलं तर तेल त्यावर ठरत नाही आणि आंबट पातळ होतं. स्वच्छ सुती पंचात पानं गुंडाळून हलकेच झटकावी. पानाच्या पृष्ठभागावर मेणासारखा थर असतो. पाणी त्यावरून ओघळतं, तेल मात्र त्याला धरतं आणि हळूहळू आतही शिरतं. पालेभाजी मलूल होते ती लिंबाने असा समज आहे, प्रत्यक्षात नुसत्या व्हिनेगरपेक्षा नुसतं तेल पान लवकर काळपट आणि लुळं करतं. तेल आंबटात नीट फेटलेलं असलं की ते थेंबाथेंबाने आंबट पाण्यात अडकलेलं राहतं आणि पान जास्त वेळ तरतरीत राहतं. तरीही कोवळी पानं खायच्या क्षणीच कालवावी. कोबी, गाजर, बीट यांचं उलट. त्यांना अर्धा तास ड्रेसिंगमध्ये मुरू द्यावं, ती मऊ होतात आणि चव आत घेतात.

तेल कोणतं? जे जेवणात आवडतं ते. घाण्याच्या शेंगदाणा तेलाला स्वतःचा खमंग वास असतो आणि गूळ-चिंचेशी त्याचं जमतं. तिळाचं तेल थोडंच घालावं. सूर्यफुलाचं तेल वासहीन, त्यामुळे मध-लिंबाचा स्वाद पुढे येतो. ऑलिव्ह आणि शेंगदाणा तेल फ्रिजमध्ये दाट होतं, कधी गोठतंही. ते खराब झालेलं नसतं. दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवून पुन्हा हलवलं की झालं. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल मात्र मिक्सरमध्ये जोरात फिरवू नये, ते कडवट होऊ शकतं. हाताने फेटावं.

साठवणीबद्दल मी कडक आहे. व्हिनेगर, मध, मोहरी आणि तेल एवढंच असलेलं ड्रेसिंग फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतं. लिंबाचं टिकतं, पण लिंबाचा ताजा वास दुसऱ्या दिवशीच उतरतो. कोथिंबीर, पुदिना, कांद्याचा रस किंवा दही असलेलं तीन दिवसांत संपवावं. लसणीबाबत तर अजिबात ढिलाई नको. कच्ची लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवली की तिला हवा लागत नाही, तेलात आम्लही नसतं, आणि मातीतून लसणीबरोबर आलेल्या बोट्युलिझमच्या जंतूंना वाढायला नेमकी हीच स्थिती लागते. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये, फ्रिजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या चिरलेल्या लसणीमुळे ३६ जणांना ही विषबाधा झाली होती. त्या तेलाला वाईट वास आलेला असतोच असं नाही, म्हणून नाकावर भरवसा ठेवता येत नाही. लसणीचा स्वाद हवा असेल तर पाकळी ठेचून अर्धा तास लिंबात किंवा व्हिनेगरमध्ये ठेवावी, मग काढून टाकावी आणि त्या आंबटातच पुढचं सगळं करावं. लसणीचं तेल करायचंच असेल तर ते फ्रिजमध्येच ठेवावं आणि चार दिवसांच्या आत संपवावं, उरलेलं टाकून द्यावं.